वाकडी टीप

मंगळवार, ६ मे

आज पण दिवसभर पाणी प्यायले नाही. कारखान्यात शिवणाच्या लाइनीत चाळीस बायका आणि बाथरूमला जायला बिल्ला एकच! लाल कापडाचा. तो छातीवर असल्याशिवाय वॉचमन दार सोडत नाही. एक गेली की ती येईपर्यंत बाकीच्या मांड्या आवळून मशीनवर. काज करणारीला आज चक्कर आली. डॉक्टर म्हणे, पाणी प्या. शहाणा! पिऊन जाऊ कुठं?

सुपरवायझर माझीच धाकटी जाऊ. म्हणते, "ताई, नियम मी केला नाही." बिल्ला शिवला कुणी मग? तिनंच! टीप बघावी — साप गेल्यासारखी.

बुधवार, ७ मे

दोन वर्षं झाली, संघटना करू म्हणून घरोघर फिरतेय. मागणीच्या कागदावर सही कर म्हटलं की एकजात सगळ्यांचे हात दुखतात. आज म्हटलं, "राहू दे सही. शिवा." जिनं तिनं आपापला लाल बिल्ला शिवायचा, शुक्रवारी सगळ्यांनी लावायचा. खरा कुठला ते मॅनेजर शोधेल! शिवायचं म्हटल्यावर एकीचाही हात दुखेना.

शुक्रवार, ९ मे

हसू आवरत नाही आणि स्वतःच्या थोबाडीतही मारावीशी वाटते.

दहाच्या ठोक्याला चाळीस छात्या लाल! वॉचमन चक्रावला, "जा बाई, जा." अकरा जणी जाऊन आल्या. मग मॅनेजर आला. एक नजर टाकली आणि खरा उचलला! कसा नाही उचलणार? आमचे सगळे सरळ, एका मापाचे, कोपरे टोकदार. खरा तेवढा वाकडा. जन्म गेला शिवण्यात — वाकडं शिवायचं हे एकीच्याही डोक्यात आलं नाही!

सगळे जप्त. म्हणाला, "सोमवारी जिच्या छातीवर खोटा दिसेल, ती घरी." जाऊ खाली बघत उभी. आणि काज करणारीला फुटलं हसू. मग सगळी लाइन सुटली. हसायला बिल्ला लागत नाही ना!

शनिवार, १० मे

रात्री घरी वाकडं शिवून बघितलं. जमत नाही. जाऊ दारातून बघत होती. "ताई, कापड सैल सोडा, आपोआप पळतं." मी ताडकन म्हटलं, "तू जा, मॅनेजरला सांग कोण शिवतंय ते." तोंड पाडून गेली. जास्तच बोलले.

रविवार, ११ मे

काज करणारी येऊन गेली. "उद्या लावायचेत ना?" सगळ्या तयार आहेत म्हणे! आणि माझा चौथाही सरळच. जळो मेला हात!

सोमवार, १२ मे, सकाळी

डब्याच्या पिशवीत हाताला मऊ काहीतरी लागलं. लाल बिल्ले. चाळीस! एकूण एक वाकडा, साप गेल्यासारखा.

एक्केचाळिसावा जाऊबाईच्या छातीवर. चपला घालून दारात उभी आहे. म्हणते, "काय लिहिताय? पाणी प्या पोटभर आणि चला."