गडद हरितगृह, दोन हात

३ मार्च
आजपासून पृथ्वीसाठी काहीतरी करायचं. तातडीचं कारण असं की वाचनालयाच्या जाहीर वादसभेत माझं नाव लागलं आहे. विषय, ‘तापमानवाढीला माणूसच जबाबदार’. मी बाजूने, मेहुणा विरुद्ध. बायकोचा हा भाऊ सिमेंट विकतो आणि ऊन पूर्वीही तापायचंच, असं त्याचं ठाम मत आहे. मागच्या वर्षी ‘मोबाइल शाप की वरदान’मध्ये त्याने मला लोळवलं होतं. या वेळी चारी मुंड्या चीत करतो. सभा १० मेला. भरपूर वेळ आहे.

४ मार्च
अभ्यास उद्यापासून.

९ मार्च
अभ्यास सुरू. स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांखाली जुना पेपर अंथरलाय, त्यात नेमका हाच लेख निघाला. ‘हरितगृह परिणाम नसता, तर पृथ्वी गोठली असती आणि इथे जीवसृष्टी बहरलीच नसती.’ पुढचा मजकूर साखरेच्या डब्याखाली गेला होता. डबा उचलला तर मुंग्या. पण मुद्दा कळला. हरित म्हणजे हिरवं, गृह म्हणजे घर. संस्कृतचा पाया पक्का असला की विज्ञान जड जात नाही.

११ मार्च
घरात जाहीर केलं की आपलं घर हरितगृह करायचं. नुसत्या तोंडाच्या वाफा दवडून काय उपयोग?
लेक कॉलेजात विज्ञान शिकते. ती म्हणाली, बाबा, हरितगृह म्हणजे... मी म्हटलं, बाळा, मला माहीत आहे. बायको म्हणाली, बाहेरून रंग द्यायला झालाच होता, पण पांढरा बरा. आई म्हणाली, काय हवं ते फासा, माझी खुर्ची हलवू नका.
आईची खुर्ची पुढच्या खोलीत खिडकीशी असते. बाहेर वडिलांनी लावलेलं झाड आहे, त्याची सावली दुपारभर खुर्चीवर. आई तिथे पेंगते आणि हटकलं तर म्हणते, जागीच होते की.

२० मार्च
रंगारी म्हणाला, इतका गडद हिरवा बाहेरून कोणी देत नाही, घर तापेल. त्याला अर्धा तास विज्ञान समजावलं. शेवटी म्हणाला, दोन हात द्यावे लागतील. म्हणजे पटलं.

२८ मार्च
रंग पुरा झाला. डोळे निवतात. मेहुणा येऊन गेला आणि विचारतो, रंग कधी देताय? दिसलाच नाही म्हणे. खरं आहे. झाड आड येतं.

३० मार्च
झाडाच्या थोड्या फांद्या काढाव्यात असा विचार आहे. लेक म्हणाली, तापमानवाढीवर बोलणारा माणूस झाड कसं तोडेल? मी म्हटलं, अगं, एका झाडाचं काय घेऊन बसलीस, इथे अख्खं घर हिरवं आहे. ती पुन्हा म्हणाली, बाबा, हरितगृह म्हणजे... मी पुन्हा म्हटलं, माहीत आहे. हल्लीच्या मुलांना वाटतं, सगळं त्यांनाच कळतं.

२ एप्रिल
फांद्या तोडणारा आला. डावीकडच्या थोड्या काढायला लावल्या. मग उजवीकडे जास्त वाटू लागल्या. त्या काढल्यावर शेंडा विचित्र दिसायला लागला. असा समतोल साधता साधता खाली बुंधा उरला.
आई खुर्चीत बसून बाहेर बघत होती. ऊन तिच्या मांडीवर आलं होतं. मला बरं वाटलं नाही. पण घर आता थेट चौकातून दिसतं.

१२ एप्रिल
आमच्या घराला कॉलनीत ‘ढोबळी मिरची’ म्हणतात, असं कानावर आलं. म्हणजे जनजागृती सुरू झाली.

१९ एप्रिल, दुपारी
भयंकर उकडतंय. भिंतीला टेकलो तर चटका बसला. हे मेहुण्याला कळता कामा नये. आईसाठी पुढच्या खोलीत एसी लावून घेतला. लावणारा म्हणाला, बाहेरच्या मशीनवर सावली हवी, इथे एखादं झाड असतं तर झकास झालं असतं. मी त्याला पाणी विचारलं.

२७ एप्रिल
एसी लावला की आईचे गुडघे धरतात, बंद केला की जीव कासावीस. आज धाकटा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. चार दिवसांसाठी, असं मी म्हटलं. आईने खुर्ची मात्र सोबत नेली.

११ मे, सकाळी
काल जिंकलो!
सुरुवातच अशी केली की सभा हादरली. तापमानवाढीवर एकच उपाय, हरितगृह! हरितगृह वायू घराघरात खेळला पाहिजे! आधी टाळ्या, मग हशा. पहिल्या रांगेत लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.
मग मेहुणा उठला. माझी टर उडवायची म्हणून त्याने हरितगृह म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगितलं. काचेचं घर, रोपं वाढवायचं. ऊन आत येतं, पण ऊब बाहेर जात नाही. पृथ्वीभोवतीही असंच वायूंचं पांघरूण आहे. पातळ होतं तोवर ठीक होतं, पण आपण कोळसा आणि पेट्रोल जाळून त्यावर रजया टाकत सुटलोय. गडी रंगात आला. सिमेंटच्या भट्ट्यासुद्धा सोडल्या नाहीत. सभेला इतकं पटलं, की हात वर करून सगळ्यांनी माझ्या बाजूने कौल दिला. आपण विरुद्ध बाजूचे आहोत, हे त्याला खाली बसल्यावर आठवलं.
त्याला मी मुद्दाम बोलतं केलं, असं अध्यक्षांना सांगितलं. ते हो हो म्हणाले आणि चपला शोधू लागले. बक्षीस मिळालं ते मिरचीचं रोप, कुंडीसकट.
घरी आलो तो आईला सांगायला तडक खिडकीशी गेलो. तिथे कोणी नाही, हे विसरलोच होतो. कुंडी तिथे ठेवली.

१४ मे
आज लेकीला स्वतःहून विचारलं, हरितगृह म्हणजे काय. मधे बोललो नाही. ती म्हणाली, बाबा, आता सांगायचं काय राहिलं? तुम्ही केलंत की. पुढच्या खोलीत ऊन आत येतं आणि ऊब बाहेर जात नाही.

२४ मे
मिरची फोफावली आहे. मेहुणा येऊन मूठभर तोडून घेऊन गेला. म्हणाला, दिवाणखान्यात असं पीक आजवर पाहिलं नाही. आईचे चार दिवस अजून संपलेले नाहीत.

३ जून
बुंध्याला पालवी फुटली! धावत जाऊन आईला फोन केला. चुकलो, असं म्हणायचं ठरवलं होतं, म्हटलं, पालवी फुटली. ती म्हणाली, बरं झालं. सावली खुर्चीएवढी झाली की कळव, येते. मी म्हटलं, होतच आली.

१२ जून, दुपारी
बुंध्याला पाणी घालून झालं. सावली केवढी झाली ते बघायला चहाचा कप नेऊन तिच्यात ठेवला. मावतो. कान तेवढा उन्हात राहतो.