पडीक दाखवलेली जागा

गडचिरोली, गुरुवार, २७ नोव्हेंबर

जिल्ह्याच्या वीस वर्षांच्या भूवापर आराखड्यावरील हरकती ऐकण्यासाठी आज जंगलातील एका गावी गेलो होतो. उपग्रहचित्रावरून जो तुकडा मी पडीक ठरवून कारखान्यांसाठी राखला, तेथे मृतांच्या नावाने उभे केलेले दगड आहेत. पडीक! शब्द माझ्याच हातचा.

एका वृद्ध बाईंनी नव्या धानाची मूठ एका दगडापुढे ठेवली.

"साहेब, हा माहा मानूस. तुमीच सांगा याले, तू पडीक हायेस मनून."

"माझी पत्नीही यंदा गेली," असे मी का बोललो, कळत नाही.

"कुठी हाय ते?"

"अस्थी वैनगंगेत सोडल्या."

"मंग तुमाले बसाले जागाच नाई, भाऊ. बसा इथी."

बसलो. सुमन गेल्यानंतर प्रथमच तिच्याजवळ बसल्यासारखे वाटले. हे विवेकाला धरून नाही, जाणतो.

परतल्यावर माझ्याच नकाशाविरुद्ध हरकत लिहिली. आराखडा करणाऱ्याला तसा अधिकार आहे काय? ठाऊक नाही. 'जागेशी संबंध' हा रकाना तेवढा उरला. शेवटी लिहिले: येथे बसलो होतो.