नमुन्याचा डबा

८ जुलै
पुन्हा ब्लीचिंग पावडरच. गावागावांचे नमुने, टेबलभर! पाण्यात कालवा, आयोडाइड टाका, ॲसिड टाका. जेवढा क्लोरीन, तेवढं आयोडीन सुटतं. मग ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब हायपो, ते आयोडीन खाऊन टाकणारं. पिवळं फिकं झालं की स्टार्च — गडद निळं. निळं गेलं की थांबा, आकडा लिहा. हात आपोआप चालतात. मान मोडून आली. वीट आला बाई या निळ्याचा!

माहेरचा नमुना नत्थूजी घेऊन आले. गावच्या टाकीत पावडर टाकायचं काम त्यांचंच. दरवेळेसारखा झकास पास. "गावाचं नाव राखलं का नाई, पोरी?" खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी.

११ जुलै
मान तशीच. आज काही लिहायचं त्राण नाही.

१४ जुलै
धनंजयदादाचा फोन. आईला जुलाब. आळीत आणखी दोघीतिघी पडल्यात. "पाण्याचं तं नाई ना?" मी ठसक्यात सांगितलं — पावडर मी स्वतः तपासली. शिळं खाल्लं असेल!

१६ जुलै
आईला इथं वर्ध्याला आणलं. सलाईन लावलंय. डोळे खोल गेलेत. ओळखते, पण बोलत नाही. भीती वाटते.

तिची लुगडी आणायला गावी गेले. येताना टाकीपाशी थांबले. पावडरचं पोतं उघडंच, ओल येऊन गोळे झालेले. नाक जवळ नेलं — वासच नाही! डोळ्यांत झोंबायला हवी होती. थोडी डबीत घेतली.

१७ जुलै
सगळं टाकलं. स्टार्चही. निळं आलंच नाही, म्हणजे क्लोरीन शून्य. ब्युरेटचा नळ उघडायचं कामच पडलं नाही. पुन्हा केलं. तेच. स्टुलावर बसून राहिले.

नत्थूजींना फोन लावला. मग मला काय आणून देत होते? म्हणाले — "चांगली पावडर डब्यात राखून ठेवली हाये. नमुन्यासाठीच. तपासणारी गावची लेक. तुह्या हातानं आपलंच गाव फेल व्हावं, बरं दिसते काय?"

मी ओरडले. मग रडले. संध्याकाळी अहवाल पाठवला — पावडर निकामी.

१९ जुलै
आईनं आज पेज घेतली. नत्थूजींचा प्रताप सांगितला तर हात धरला माझा. "त्याले बोलू नको. डबा आपल्याच फडताळात हाये. मीच ठेवाले सांगतलं."