जानेवारीचं पान

सिल्वासा,
१२ ऑक्टोबर १९९०

ती. स्व. चिंधामामांस,
शि. सा. न. वि. वि.

मसाटच्या धाग्याच्या कारखान्यात पॅकिंगला दिवसभर उभ्या राहणाऱ्या आम्ही एकतीस बाया. आम्हाला शब्द दिला गेला आणि आता तो तारखेत बुडवला जातोय. त्या एकतीसजणींच्या वतीने हे पत्र आहे, आणि तक्रार तुमच्यावर आहे. भाची म्हणून नंतर बोलेन.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने नोटीस लावली होती, की नव्या दशकाच्या पहिल्या दिवशी जे हजेरीपटावर असतील त्या सर्वांना कायम करू. यंदा १ जानेवारीला आम्ही सगळ्या हजर होतो. आमच्यातली सर्वांत वडील पुतळाबाई तापाने फणफणत होती, तरी आली. मग नऊ महिने एकच ऐकलं, कागद वर गेलेत. गेल्या आठवड्यात मी मॅनेजरसाहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, की वाचनालयाची पुस्तकं डब्याबरोबर घेऊन फिरता आणि एवढं माहीत नाही? नवं दशक १ जानेवारी १९९१ ला लागतं. आणि दर होळीला नावं पटावरून काढून गावी जायला देतात तो ब्रेक यंदा २० डिसेंबर ते ५ जानेवारी असा सरकवलाय. म्हणजे त्या दिवशी पटावर एकही बाई नसेल.

पुरावा म्हणून बोर्डावर दोन पानी पत्र लावलंय. अक्षर मी लांबूनच ओळखलं. खाली सही: चिंधा गुरुजी, निवृत्त गणित शिक्षक, पारोळा. ऑफिसातला समाधान तुमचा जुना विद्यार्थी. त्याने विचारलं आणि तुम्ही लिहून मोकळे झालात. बाया मला विचारतात, हे तुझे कोण? मी काय सांगू?

गुड्डी तिसरीत गेली. सुकदेवची खडोलीतली पाळी बदलली, आता आम्ही एकमेकांना जेवणापुरते दिसतो. मामींना नमस्कार. शेवटी लोभ मागायची रीत आहे. यंदा मी उत्तर मागते.

आपली भाची,
वासंती

•

पारोळा,
२२ ऑक्टोबर १९९०

चि. सौ. वासंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भाषण पोचलं. टाळ्या वाजवायला घरात तुझी मामी एकटीच होती, तिने वाजवल्या. भाऊबीजेला तुझी वाट पाहिली, तू आली नाहीस, येणार नाहीस याची मात्र भाषणात एक ओळही नव्हती.

समाधानने अंतर्देशीय पत्रातून प्रश्न विचारला, कशासाठी ते लिहिलं नाही. मला वाटलं, पोराला उशिरा का होईना गणिताची गोडी लागली. तुमचा घास त्यात अडकलाय हे कळलं असतं तर उत्तरासोबत त्याला दोन शब्द सुनावले असते. पण उत्तर तेच दिलं असतं.

इसवी सनात शून्य वर्ष नाही. एकपासून सुरुवात, दहा सरले की पहिलं दशक संपलं. तुझे आजोबा खळ्यावर धान्य मोजायचे ते आठव. पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणायचे नाहीत, ‘लाभ’ म्हणायचे. लाभ, दोन, तीन. दहावी पायली ओतून होईपर्यंत दहा झाल्या असं ते कधी म्हणाले? नव्वद साल ही दहावी पायली आहे, पोरी, आणि ती अजून भरतेय. भाचीसाठी मी पाढा बदलू?

तू सहाची असताना सातवं लागलं म्हणून छाती पुढे काढून सात सांगायचीस आणि जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात बसायचीस. खोड तीच आहे. रीतसर, नम्रपणे अर्ज दे. राग गणितावर काढ, माया मामावर ठेव.

तुझा,
चिंधामामा

•

सिल्वासा,
४ नोव्हेंबर १९९०

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

नम्र अर्ज तीन दिले. तिसऱ्यावर चहाचा कप ठेवलेला मी स्वतः पाहिला. त्यामुळे नम्रपणाचा धडा पुरे.

तुमचं गणित मला मान्य आहे. पण नोटीस इसवी सनाने काढली नव्हती, कंपनीने काढली होती. इथे शेठचं वर्ष दिवाळीनंतर बदलतं, चोपड्यांची पूजा होते. आपलं गुढीपाडव्याला बदलतं. मॅनेजरसाहेबांचं जानेवारीत. यावरून कधी कुणी भांडलं? ज्याने वर्ष म्हटलं, त्याचं ते वर्ष. मग दशकाचा शब्दही ज्याने दिला त्याच्याच अर्थाने धरायचा, आणि तो अर्थ कंपनीने एकदा छापून दिलाय!

यंदा १ जानेवारीला प्रत्येकीला एक पेढा आणि एक कॅलेंडर मिळालं. जानेवारीच्या पानावर ठळक हिंदीत होतं, की नव्या दशकाच्या पहिल्या दिवशी आमच्या कामगार परिवाराला शुभेच्छा. मी हे बोलले तेव्हा साहेब हसले आणि म्हणाले, दाखवा.

मामा, आमची फजिती इथेच झाली. महिना सरला की आम्ही पान फाडतो. कागद गुळगुळीत, जाड. जूनमध्ये शाळा उघडली की छापलेली बाजू आत ठेवून पोरांच्या पुस्तकांना त्याची कव्हरं घालतो, खळ लावून, वर्षभर टिकावीत म्हणून. एकतीस घरांत जानेवारी असा पुठ्ठ्याला चिकटून बसलाय. काल गुड्डीचं गणिताचं पुस्तक मी वाफेवर धरलं. हातात फक्त ‘शुभ’ आलं, आणि गुड्डी पुस्तक ओलं झालं म्हणून रडली.

एक कॅलेंडर मी तुम्हाला पाठवलं होतं. त्याचं काय केलंत? तुम्ही कधी काही टाकत नाही, या एकाच आशेवर हे पत्र संपवते. माया आहे, पण सध्या रागाच्या मागे उभी आहे.

वासंती

•

पारोळा,
१२ नोव्हेंबर १९९०

चि. सौ. वासंतीस,
अनेक आशीर्वाद.

पान आहे.

कॅलेंडर आलं त्याच दिवशी ती ओळ मी लाल पेन्सिलीने खोडली, शेजारी ‘चूक. १९९१ पाहिजे’ असं लिहिलं, ८ जानेवारी १९९० ही तारीख घातली, आणि पान चुकांच्या फाइलीत लावलं. तुझी मामी म्हणते, हा माणूस लग्नपत्रिकाही तपासून मग लग्नाला जातो. म्हणू दे. आज फाइल तिनेच शोधून दिली.

आता नीट ऐक. दशक १९९१ लाच लागतं. तू चूक आहेस, कंपनी चूक होती, मी बरोबर आहे. पण चौतीस वर्षं मी पेपर तपासले आणि एक नियम कधी मोडला नाही. घंटा झाली, पेपर जमा झाला, की उत्तर बदलायचं नाही. मुख्याध्यापकांचा पुतण्या दुसऱ्या दिवशी बरोबर उत्तर घेऊन आला, त्यालाही मी नापास केलं. कंपनीने आपलं उत्तर १ जानेवारीला छापून, पेढ्यासकट जमा केलंय. आता माझ्या वहीत डोकावून ते सुधारतात. याला गणित म्हणत नाहीत, कॉपी म्हणतात. आणि वही माझी आहे, याचा मला जास्त संताप आहे.

पान रजिस्टर पोस्टाने पाठवतोय. समाधानला वेगळं पत्र लिहून कान उपटलेत. गुड्डीला सांग, ओल्या पुस्तकाचं गणित कोरडंच राहतं. माया रागाच्या पुढे आली ना आता?

चिंधामामा

•

सिल्वासा,
२ डिसेंबर १९९०

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पान मिळालं. जेवणाच्या सुट्टीत मी ते गेटवर वाचून दाखवलं. तुमची लाल ‘चूक’ वाचली तेव्हा बाया इतक्या हसल्या की वॉचमन बाहेर आला. पुतळाबाईला वाचता येत नाही. तिने लाल रेघेवर बोट फिरवलं आणि म्हणाली, तुझ्या मामाने आपल्याला मारलेला रट्टा शेठलाही लागलाय.

साहेबांनी मात्र पान उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, की पान एकच, तेही गिरगटलेलं, तेही तुमच्या मामाच्या घरून आलेलं. आणि बोटाने बोर्ड दाखवला. तिथे तुमचं पत्र अजून आहे.

मग आम्ही सगळ्यांनी कव्हरं सोडवायला घेतली. कुणाकडे ‘नए’ निघालं, कुणाकडे ‘दशक’, एकीच्या मुलीच्या, सोनीच्या, भाषेच्या पुस्तकातून ‘पहले दिन’ अख्खं निघालं. नऊ घरांच्या तुकड्यांतून एक ओळ जुळली. ती पुठ्ठ्यावर चिकटवली आहे. खळ आमचीच.

ठरलंय असं, की २० डिसेंबरपासून ब्रेक आम्ही घेणार नाही. एकतीसजणी रोज सकाळी हजेरीच्या खिडकीशी उभ्या राहणार. हजेरी मांडोत न मांडोत, १ जानेवारीपर्यंत. कंपनीच्या दशकाच्या पहिल्या दिवशी आम्ही हजर होतो, तुमच्या दशकाच्याही असू. मग तिसरं दशक त्यांनी शोधून दाखवावं.

तुमचं पत्र फाडणं एका हाताचं काम होतं. मी फाडू दिलं नाही. ते खरं आहे. पण अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं लिहायचा हक्क तुमच्याशिवाय कुणाला नाही. भांडणातून लोभ वाढतो हे मला या दोन महिन्यांत कळलं. तो असाच वाढता राहो.

आपली,
वासंती

ता. क. १९ तारखेची एस.टी. पकडा. २० ला सकाळी सात वाजता मसाटच्या गेटवर या, बोर्डापाशी चला, आणि त्या पत्रातल्या तुमच्या सहीखाली सगळ्यांच्या देखत लाल पेन्सिलीने लिहा: पेपर जमा झाला आहे.