रद्दवरची रेघ

सोमवार, ता. १४ जानेवारी १८९५. ठाकूरद्वार.
घडले ते क्रमाने.
१. म्युनिसिपालिटीच्या मतदारांची यादी आमच्या छापखान्यात आली. आमच्या वॉर्डाची पाने जुळवायला माझ्याकडे.
२. जे नाव गाळायचे त्याच्यापुढे तांबड्या शाईत 'रद्द'. त्या 'रद्द'वरच रेघ असेल तर नाव कायम, त्याचे छपाईचे खिळे जुळवायचे. चार वर्षे जुळारी आहे. हे मला नवे नाही.
३. नवव्या पानावर वडिलांचे, आबांचे नाव. पुढे 'रद्द', त्यावर रेघ. खाली शेरा : शिक्षा भोगून सुटला, अर्ज मंजूर, नाव पुन्हा दाखल.
४. ते नाव मी जुळवले नाही.
५. यादी छापून आज कचेरीच्या भिंतीवर लागली.
६. कारण : नजरचूक.

मंगळवार, ता. १५.
आबा सकाळीच पागोटे बांधून यादी बघायला गेले. भावाला वाचवायला कोर्टात शपथेवर खोटे बोलले, त्याचे नऊ महिने भोगले. सुटल्यावर नाव परत चढावे म्हणून दोनदा साहेबापुढे उभे राहिले. "घरपट्टी घेताना मी चोर नसतो, मत देतानाच होतो काय?" असे तिथे विचारले म्हणे.
बाराला परतले. "अक्षर फार बारीक आहे गं. दोनदा बोट फिरवलं. तू बघून ये, तुझा तर धंदाच आहे तो."
हो म्हटले.

बुधवार, ता. १६.
गेले. मला बघायचे काय होते? शेजारच्या भिकूताई सोबत, म्हणून नवव्या पानासमोर उभी राहिले. मागून वाडीतले बंडोपंत, "काय, वडलांना शोधतेस? तुरुंगात भाकरी फुकट मिळते, मत नाही मिळत हो!" दोघेतिघे हसले.
भिकूताई वळल्या, यादीकडे बोट केले. "तुमचा नाव आसा मां थंय? मगे गप रवा."
घरी येऊन आबांना म्हटले, गर्दी होती, नीट दिसले नाही.

गुरुवार, ता. १७.
सोमवारचे कलम ६ खोटे आहे.
नजरचूक एकदा होते. प्रूफ तपासताना मूळ कागद मी मोठ्याने वाचते, आमचे तपासनीस दामूअण्णा प्रूफवर बोट ठेवून बघतात. शेऱ्यासकट वाचायचे, हा त्यांचा दंडक. खोलीत आणखी सहा पुरुष. तिथे मी सासरच्या आडनावाने. विधवा, मिशनच्या शाळेत काम शिकलेली, याहून कोणाला काही माहीत नाही. पण यादीत घराचा पत्ता असतो, आणि दामूअण्णा एकदा निरोप द्यायला या घरी आलेले आहेत. 'शिक्षा भोगून सुटला' हे मला माझ्या तोंडाने वाचावे लागले असते.
म्हणून आधी हाताने गाळले, मग तोंडाने. वाचून झाल्यावर दामूअण्णा म्हणाले, "तुझ्या वाचनावर डोळे मिटून सही करावी." केलीही.

शनिवार, ता. १९.
आबांना सांगितले. पानाला चुना लावत होते.
"खिळा चुकला, की तू?"
"मी."
"जाणूनबुजून?"
"हो."
चुन्याची डबी मिटवून, "मी खोटं बोललो ते भावासाठी. तू कोणासाठी?"
ते पान त्यांनी खाल्ले नाही.

रविवार, ता. २०.
दुपारी वाढायला गेले तर आबांनी ताट स्वतःच वाढून घेतले.

सोमवार, ता. २१.
कचेरीत गेले. कारकून : "दुरुस्ती शनिवारपर्यंत. अर्ज ज्याचा त्याने करायचा, बाई. तुमची सही काय कामाची?"
घरी कोरा अर्ज आबांपुढे ठेवला. हात लावला नाही.
"तिसऱ्यांदा उभा राहणार नाही. तेव्हा सरकारनं खोडलं होतं, म्हणून मागायला गेलो. आता घरातनंच खोडलंय. काय सांगू तिथे?"
ही हुकली तर पुढची निवडणूक तीन वर्षांनी. आबा सहासष्ट वर्षांचे आहेत. खोकला...

मंगळवार, ता. २२.
दामूअण्णांना सगळे सांगितले. आवाज चढवला नाही. "शेरा वाचला असतास तर मी काय केलं असतं, असं वाटलं तुला?" हेही मी कधी विचारात घेतले नव्हते. मालकांना, कचेरीला लिहिते आहे त्या पत्रावरून, कळेलच. काम राहील असे वाटत नाही.
अर्जाचा कागद अजून आबांच्या बैठकीजवळ तसाच, कोरा. म्हणून पत्र माझ्या नावाने. माहेरचे आडनाव, सासरचे आडनाव, दोन्ही लिहिली. नक्कल :

"साहेबांस विनंती. आमच्या वॉर्डाच्या यादीत नवव्या पानावर माझ्या वडिलांचे नाव नाही. यात त्यांचा दोष नाही. ती पाने मी जुळवली, आणि ते नाव मी जाणून गाळले. प्रूफाच्या वेळीही मीच लपवले. तपासणाऱ्यांची चूक नाही. मूळ कागद छापखान्यात आहे, 'रद्द'वरची रेघ स्पष्ट आहे. आपण एकदा मंजूर केलेले त्यांना पुन्हा मागायला लावू नये. त्यांच्या सहीवाचून नाव दाखल होते की नाही, हे शुक्रवार, ता. २५ पर्यंत लेखी कळवावे. शनिवारी यादी बंद होते."