शिंप्याचं मशीन कुणी नेलं?

प्रिय बुटके,

सरळच लिहिते. मला तुझा हेवा वाटतो. मैत्रिणींमधला गोड हेवा नव्हे, चांगला पोटात दुखणारा. आपण एकाच वर्षी शिक्षिका झालो, एकाच शाळेत लागलो, इतिहासाचं पुस्तकही तेच. ज्यूंच्या वंशसंहाराचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवतेय. सनावळ्या, छावण्यांची नावं, मृतांचा आकडा, सगळं फळ्यावर टापटीप. मुलं उतरवून घेतात आणि घंटा झाली की डबे उघडतात.

आणि तू? तू म्हणे फळ्यावर नुसती एक गल्ली काढलीस. शिंपी, दातांचा डॉक्टर, पुस्तकवाला, त्यांचे शेजारीपाजारी. मग ज्यूंची घरं एकेक करून पुसलीस आणि एवढंच विचारलंस की शिंप्याचं मशीन कुणी नेलं? पुढे अख्खा तास गप्प उभी राहिलीस, मुलंच बोलत होती. हे मला माझ्याच लेकीने सांगितलं. ती नेमकी तुझ्या वर्गात! आमच्या घरी हल्ली उठता-बसता 'बाई म्हणतात' चालू असतं. अगं, बाई मीसुद्धा आहे, वर तिची आई! पण पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ना, तसं झालंय.

म्हणून मी तुझी गल्ली चोरली. जशीच्या तशी काढली, पुसली, प्रश्न विचारला. एक हात वर झाला. मी मनात मांडे खातेय, तोवर पोरगी विचारते, हे परीक्षेला येणार का? पुढची शांतता मला सोसवेना. मीच उत्तर सांगून टाकलं, शेजाऱ्यांनी नेलं, खाली रेघ मारा. हस मेले, हस!

रविवारी माझा भाऊ जेवायला आला होता. जेवताना त्याचा नेहमीचा विनोद झाला, ज्यू म्हणजे पैशाला चिकट, जगाच्या नाड्या त्यांच्याच हातात वगैरे. आम्ही सवयीने हसलो. लेकीने चमचा खाली ठेवला. मामा, तू एका तरी ज्यू माणसाला ओळखतोस का, असं शांतपणे विचारलं. तो लालबुंद झाला. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, आई, तू का हसलीस? खरं सांगू? त्या क्षणी लाजेआधी मला तुझा हेवाच वाटला.

भावाचा मुलगाही तुझ्याच वर्गात, म्हणून त्याने शाळेत तक्रार केलीय की तू मुलांना घरच्यांवर उलटवतेस. आज मुख्याध्यापकांनी मला बोलावून तुझा वर्ग देऊ केला. फक्त पुस्तकातलं शिकवा, म्हणाले. तुझा वर्ग, त्यात माझी लेक! तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू? पण मी नाही म्हणून आले. उद्याच्या पालकसभेत भाऊ समोर असेल आणि मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर. तिथे मला पाहून तुला वाटेल, ही माझ्या जागेवर डोळा ठेवून आलीय, म्हणून आजच कळवतेय. डोळा आहेच, बये. जागा मात्र मला नको.

जळून कोळसा झालेली, तरी तुझीच,
ताडमाड