तुझ्या गोष्टीतली आई

संपत,
मी वांगी घेऊन अमरावतीच्या बाजाराला जातो. भाकरी शिंक्यात आहे.

तुझी गोष्ट वाचली. तिच्यात आई चांदण्यात, तुझ्या मांडीवर हसत मरते. तू तेव्हा अकोल्यात होतास. जे पाहिलं नाही ते लिहायचं असेल, तर पाहणाऱ्याला आधी विचारावं. चांदणं काढून टाक. भर दुपार होती आणि खोलीत वास मारत होता. तिने अंथरूण धरलं त्या पहिल्याच दिवशी तुला तार मिळाली. तीन दिवस तुझी आई दाराकडे बघून विचारत होती, “संपत आला काय?” चौथ्या दिवशी मला ते ऐकवेना. मी तिची खाट फिरवून तोंड भिंतीकडे केलं.

हे लिही. माझंही नाव बदलू नकोस.

बाबा